पिल्रेनं उकळलेलं कापड

दो आडनावाची पिल्रे कधी हळू बोललीय, असं अख्ख्या थेगू शहरात कुणी ऐकलं नाही. अठराव्या वर्षी ती मागावर उभी राहिली, आणि दोनशे मागांच्या खडखडाटात शेजारणीला "धागा तुटला" एवढं कळवायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. तीस वर्षं ती ओरडली. मग गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, पण आवाज तिच्याकडंच राहिला. सोमुन बाजाराच्या मागच्या गल्लीत तिनं कपडे उसवून-शिवून द्यायचं खोपट टाकलं. गिऱ्हाईक पँट घेऊन आलं की ती आधी कापड दोन बोटांत चोळायची आणि मग नाक मुरडायची. "ह्याला लोकर कोण म्हणालं तुला? ह्यात मेंढी नावाला बी न्हाई." गिऱ्हाईक खजील व्हायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडंच यायचं. तिनं घातलेला टाका सुटत नसे.

त्या फेब्रुवारीत रोग आला आणि आठवड्याभरात शहर ओस पडलं. बाजाराची शटरं खाली आली. पोस्टासमोर मास्कसाठी पहाटेपासून रांगा लागायला लागल्या आणि निम्मी रांग हात हलवत घरी जायची. अशात एका रविवारी धाकटी बहीण मालसुक जेवायला आली. मालसुक म्हाताऱ्यांच्या इस्पितळात आया होती. आल्या आल्या तिनं तोंडावरचा मास्क काढला आणि खालून तापवलेल्या फरशीवर, जिथं ऊब जास्त लागते त्या कोपऱ्यात, वाळत टाकला.

पिल्रेनं तो उचलला. कडेनं काळपट, मधे कुसं निघालेली. एका कानाची दोरी तुटली होती, तिथं शिवणाचा दोरा बांधलेला.

"हे काय हाय?"

"मास्क."

"कितव्या दिवसाचा?"

मालसुक सूप ओरपत राहिली.

"मी इचारतीया, कितव्या दिवसाचा?"

"नववा. रोज वाळवती की."

"पोतेऱ्याला ह्याच्यापरीस बरं कापड आसतं! इस्पितळ देत न्हाई?"

"नर्सांना देत्यात. आमाला न्हाई. सागोंग साहेब म्हनलं, तुमी ठेकेदाराची माणसं, त्याच्याकडं मागा. ठेकेदार म्हनतो, काम त्यांच्या छपराखाली करताय, त्यांच्याकडं मागा."

"म्हाताऱ्यांची लाळ कोण पुसतं?"

"आमी."

"कूस कोण बदलतं? हागलं-मुतलं कोण काढतं?"

"आक्का, जेवताना तरी गप ऱ्हा. भात गार हुतोय."

पिल्रे गप राहिली नाही. सागोंग साहेबाच्या सात पिढ्या तिनं त्या ताटावरच धुऊन काढल्या. तो इस्पितळाचा व्यवस्थापक होता. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण शिव्या द्यायला ओळख लागत नाही. मालसुक निघाली तेव्हा पिल्रेनं तो नऊ दिवसांचा मास्क चुलीत घातला आणि पोस्टाच्या रांगेत उभं राहून मिळवलेला आपला एकुलता एक तिच्या तोंडाला बांधला.

"सात जणी हाय न्हवं तुमी त्या मजल्यावर? सातींचं मी शिवती. कापडातलं मला कुणी शिकवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानातलं चिंध्यांचं पोतं पालथं केलं, टेबलावर मेणबत्ती लावली आणि एकेक कापड तोंडाला धरून फुंकत बसली. बाळाच्या लंगोटाचं जाळीदार सुती तर नावालाच कापड. एकेरी धरून हातभरावरून फुंकलं तरी ज्योत गेली. चार पदर केले, तेव्हा कुठं ती नुसती थरथरली. उन्हाळ्यात म्हातारे घालतात त्या अंबाडीसारख्या कापडाच्या भोकांतून शेजारच्या दुकानातली सुई दिसत होती. जीनच्या तुकड्यानं ज्योत जागची हलली नाही, पण तो तोंडाला बांधून ती तीन वेळा शिडी चढली-उतरली आणि कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली.

मग तिनं ठेवणीतला तुकडा काढला. पिसांच्या जाकिटाचं कापड. अकरा वर्षं तिनं स्वतः विणलेलं, इतकं दाट की आतलं एक पीस बाहेर येत नाही. ह्याच कापडावर तिला गिरणीनं दोनदा बक्षीस दिलं होतं. ज्योत खिळ्यासारखी उभी. पिल्रे खुशीत आली. कापड तोंडाला बांधलं, चष्मा चढवला, आणि जग पांढरं झालं. कापडातून काहीच जात नव्हतं, म्हणून सगळा श्वास नाकाच्या आणि गालांच्या कडेनं निसटून वर काचांवर चढत होता. जो आत येईल तोही कडेनंच येणार. स्वतःच्या हातच्या कापडानं तिला भर दुकानात तोंडघशी पाडलं. तिनं तो तुकडा फेकला तो थेट गल्लीत.

लग्नाच्या पोषाखाचं रेशमी अस्तर सुतीला जोडलं, ते त्यातल्या त्यात बरं निघालं. श्वास सुखानं जात होता आणि ज्योत वाकत होती, विझत नव्हती. पण ज्योत वारा सांगते, थुंकीचा थेंब नाही सांगत, एवढं तिला कळत होतं. तिनं शिंप्याचा खडू ब्लेडनं खरवडला, पूड कापडावर घेतली, मागं काळा तुकडा टांगला आणि फुंकलं. काळ्यावर पाच-सहा पांढरे ठिपके उमटले. पिल्रे त्या ठिपक्यांकडं बघत बसली. मग तिनं बान मिस्त्रीला फोन लावला.

बान मिस्त्री तिच्या जुन्या गिरणीतला. आता घरातली हवा गाळायच्या यंत्रांचं कापड बनवणाऱ्या कारखान्यात होता. तो दुपारी स्कूटरवरून आला, डोक्यावरचं हेल्मेट न काढता काखेतली गुंडाळी टेबलावर टाकली.

"हे काय हाय?"

"गाळणीचं."

"इणलेलं न्हाई हे."

"न्हाई."

"मग धरतं कशानं?"

"धरतं."

"एकेरी का दुहेरी?"

"एकेरी. मधी. दोनी अंगांनी सुती."

आणि गेला. थेगूतला पुरुष दिवसाला तीनच वाक्यं बोलतो अशी तिथल्या बायकांची तक्रार आहे. बान मिस्त्रीची त्या दिवसाची तिन्ही गल्लीतच संपली.

कापड पांढरं, भुरभुरीत. ताणा नाही, बाणा नाही. प्लॅस्टिकचा रस फुंकून कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला. पिल्रेला असल्या कापडाबद्दल आदर वाटणं शक्य नव्हतं. पण खडू फुंकला आणि काळा तुकडा काळाच राहिला. श्वासही सहज जात होता. 

फक्त एक खोड तिला खटकली. टेबलावरून जिकडं न्यावं तिकडं ते कापड कचरा गोळा करी. दोऱ्यांचे तुकडे, केस, सुताचं कुसपट, सगळं त्याला चिकटे. झटकलं की पुन्हा चिकटे. हा रोग पिल्रेच्या ओळखीचा होता. हिवाळ्यात हवा कोरडी पडली की गिरणीत सुतावर वीज चढायची, ताण्याचे धागे एकमेकांना चिकटायचे, तुटायचे, आणि मुकादम आईवरून शिव्या द्यायचा. म्हणून जमिनीवर पाणी मारायचं, वर वाफ सोडायची. तीस वर्षं तिनं कापडातली वीज मारली होती. आणि दुसरी गोष्ट अशी, की तोंडाला लागणारं कापड न उकळता वापरायचं, हे तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. लंगोट, भांडी पुसायची फडकी, आतले कपडे, सगळं मोठ्या पातेल्यात साबण किसून रटरट उकळायचं. तिची आई उकळायची, आजी उकळायची. पांढरं कापड उकळलं नाही तर ती बाई कसली!

पिल्रेनं ती अख्खी गुंडाळी उकळली. वीस मिनिटं, साबणात, काठीनं ढवळत. खळखळून धुतली आणि दुकानासमोरच्या दोरीवर वाळत घातली. संध्याकाळी कापड टेबलावर घेतलं तर एक कुसपट चिकटेना. "आता कसं माणसात आलं," ती म्हणाली. पुन्हा खडू फुंकून बघितला, एक ठिपका आला नाही. तिनं गोधडीच्या पिवळ्या फुलाफुलांच्या सुतीचे दोन पदर बाहेरून लावले आणि दोन दिवसांत अठ्ठावीस मास्क शिवले. सात जणींना चार-चार. नाकाजवळ तार घातली, कडा गालाला बसतील अशा घड्या पाडल्या. टाके असे, की कुणीही बघत राहावं.

चार दिवसांनी मालसुकचा फोन आला.

"आक्का, समद्या खूश हायत. आमच्यातली चुनह्वा तर म्हनती, असला मास्क तिच्या मुलखात, यानब्यानमधी, नवरीला बी मिळत न्हाई."

"तिला म्हनावं नवरा बघ आधी."

"सागोंग साहेबांनी बी बघितलं. हातात घेऊन बघितलं. गाळणीचा थर आहे का म्हनलं. मी म्हनलं, हाय."

"मग? लाजला का?"

"तीनशे दोन नंबरात चार म्हाताऱ्यांना ताप हाय. तपासणीचं आजून कळलं न्हाई. नर्सा आत थांबायला तयार न्हाईत. उद्या दुपारी दोनपास्नं मी आन चुनह्वा तिथं. साहेब म्हनलं, तुमच्याकडं आता चांगलं मास्क हायत."

पिल्रेनं फोनवरच असा आवाज काढला, की समोरच्या बटणवाल्यानं शटर वर करून पाहिलं. ज्यानं एक चिंधी दिली नाही, तो तिच्याच मास्कच्या भरवशावर तिच्या बहिणीला तापाच्या खोलीत ढकलत होता. पण मनात कुठंतरी ती हेही म्हणत होती, की बरं झालं, निदान मास्क तरी माझा आहे.

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास बान मिस्त्री दुसरी गुंडाळी घेऊन आला. तिनंच मागितली होती.

"मिस्त्री, कारखान्यातच धुऊन का देत न्हाई रं हे? किती कचरा धरतंय!"

बान मिस्त्रीनं हेल्मेट काढलं. "धुतलंस?"

"उकळलं. चांगलं साबणात."

तो खाली बुटक्या स्टुलावर बसला. टेबलावर मापाच्या कागदाचे कपटे पडले होते, ते त्यानं बोटांनी बारीक फाडले. नव्या गुंडाळीचं टोक त्यावर नेलं, तसे कपटे टणाटण उडून कापडाला चिकटले. मग त्यानं उकळलेला उरलेला तुकडा उचलून तसाच धरला. कपटे जागचे हलले नाहीत.

"वीज भरल्याली आसती ह्यात," तो म्हणाला. "मुद्दाम. भोकं मोठी ठिवायची, म्हंजी श्वास जातो. बारीक कण भोकातनं जाया लागला, की वीज त्येला वडून धरती. साबणानं ती मेली. आता ही नुसती चिंधी."

"खडू तर अडत हुता!"

"खडू धोंडा हाय त्या कणापुढं."

"मग सांगितलं का न्हाईस, भाड्या?"

"गाळणी कोण उकळतं?"

"समद्या बाया उकळत्यात! तुझी चड्डी काय तुझी बायकू वाऱ्यावर टांगून धुती? तीन शब्द जास्त बोलला आसतास तर जीभ झिजली आसती व्हय तुझी?"

बान मिस्त्रीनं मान खाली घातली. पण पिल्रेला ठाऊक होतं, की ह्या शिव्या निम्म्या स्वतःलाच आहेत. तीस वर्षं मागावर काढलेली बाई, आणि चिकटतंय म्हणून कापडातला जीव काढून टाकला! भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजत आला होता. तिनं मालसुकला फोन लावला. कामावर असताना फोन कपाटात. नुसता वाजत राहिला.

तिनं नवी गुंडाळी ओढली, कात्री चालवली आणि मशीनवर बसली. न उकळता. पंचवीस मिनिटांत दोन मास्क झाले. "स्कूटर काढ," ती म्हणाली.

फाटकावर रखवालदारानं काठी आडवी केली. "मावशी, बाहेरच्यांना बंदी आहे." पिल्रेनं वर पाहिलं. तिसरा मजला, बंद खिडक्या. तिनं मास्क हनुवटीवर ओढला आणि मागाच्या खडखडाटात ओरडायची तशी ओरडली.

"मालसुऽऽक! त्यो मास्क खोटा हाय! आत जाऊ नगंस! समद्या जणींनो, खोटं हायत ते मास्क!"

एक खिडकी उघडली, मग दुसरी. रखवालदाराच्या हातातली काठी तशीच राहिली. तेवढ्यात खालच्या दारातून सागोंग साहेब बाहेर आले. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टाचा माणूस.

"आजी, हे इस्पितळ आहे. इथं ओरडता येत नाही."

"आजी कुणाची? तुझ्याएवढं पोरगं आसतं तर जन्मल्या जन्मल्या थोबडलं आसतं."

"हे बघा, मास्क तुम्हीच पाठवलेत. उत्तम आहेत असं तुमच्या बहिणीनं सांगितलं."

"व्हय, म्याच पाठवलं," पिल्रे म्हणाली. तोवर मालसुक आणि पाठोपाठ बाकीच्या सहा जणी जिन्यावरून खाली आल्या होत्या, तोंडावर पिवळी फुलं. पिल्रेनं त्या फुलांकडं एकदा बघितलं. "म्या मधला थर उकळला. त्यातला गुण गेला. तीस वर्सं कापड इणलं आन मला कळलं न्हाई. चूक माजी. हे मी हितं समद्यांसमोर सांगतीया. आता तू सांग. तुझ्या तोंडावर काय हाय?"

साहेबांच्या तोंडावर कारखान्यातला जाड पांढरा मास्क होता. पाकिटातली घडी अजून मोडली नव्हती.

"तो साठा कर्मचाऱ्यांसाठी आहे. नियम मी केलेले नाहीत."

चुनह्वा पुढं झाली. "मग तीनशे दोनमध्ये कर्मचारीच पाठवा, साहेब." असं म्हणून ती दारातल्या पायरीवर बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. मालसुक तेवढी उभी राहिली. दोन वाजून गेले होते.

वर घंटी वाजायला लागली. थांबली, पुन्हा वाजली.

"तीनशे दोन," मालसुक म्हणाली. "खिडकीजवळची म्हातारी हाय. कूस बदलायची येळ झाली तिची." ती वळली.

पिल्रेनं तिची बाही धरली. "ह्या चिंधीनिशी जाणार?"

"तिला काय कळतं तुमचं भांडण? पाठीला जखम हाय तिच्या."

"मग हे घाल. दोन आणल्यात. तुला आन चुनह्वाला."

मालसुकनं ते दोन मास्क हातात घेतले, उलटसुलट केले. "दोनच? उद्या ह्या दोघी आत जातील. परवा त्या दोघी. त्यांच्या तोंडाला काय बांधू, तुजा पदर?" तिनं मास्क परत पिल्रेच्या हातात कोंबले. पिल्रेला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मालसुक बहिणीकडं बघत नव्हती, साहेबांकडं बघत होती, आणि तीही जाऊन पायरीवर बसली. बसताना तिचे डोळे भरले होते, कारण घंटी वाजतच होती.

साहेबांनी वर पाहिलं. पायरीवरच्या सात जणींकडं पाहिलं. वर जाण्यासारखा आता एकच माणूस उरला होता, आणि तो कोण, हे रखवालदारासकट सगळ्यांना कळलं होतं. घंटी पाचव्यांदा वाजली तेव्हा ते आत गेले. परत आले ते हातात खोकं घेऊन.

"आजच्यापुरते," ते म्हणाले.

"रोजच्यापुरते," चुनह्वा म्हणाली, आणि खोकं त्यांच्या हातातून काढूनच घेतलं.

मालसुकनं नवा मास्क चढवला, तार नाकावर दाबली आणि जिना चढून गेली. मागं वळून पाहिलं नाही. पिल्रेनं सगळ्यांकडून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मास्क मागून घेतले. दुकानात जाऊन एकेकाचा वरचा टाका उसवला, मधला थर काढून फेकला, तिथं खिसा केला आणि त्यात नव्या गुंडाळीचा न उकळलेला तुकडा सरकवला. म्हणजे आतलं आधी काढायचं, मग बाहेरचं खुशाल उकळायचं.

दुसऱ्याच दिवशी इस्पितळ बंद झालं. आतले आत, बाहेरचे बाहेर. मालसुक एकोणीस दिवस त्या मजल्यावर होती. पिल्रे फाटकावर मास्कची आणि मुळ्याच्या लोणच्याची पिशवी ठेवून यायची, रखवालदाराला दम भरून यायची. मालसुक धडधाकट बाहेर आली. चुनह्वाला सहाव्या दिवशी ताप चढला.

चार-पाच दिवस तिनं तो उकळलेला मास्क वापरला होता. त्यामुळं झालं, का त्याच्या आधी उघड्या तोंडानं काम केलं त्यामुळं, का मागाहून. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, हे कुणालाच सांगता येणार नाही. पिल्रेला ह्या उत्तराचा सगळ्यात जास्त राग आला. कुणावर काढावा, हे न कळणारा राग तिला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

एप्रिलच्या शेवटी चुनह्वा बरी होऊन तिच्या खोलीवर आली. गालफडं बसलेली, जिना चढताना दोनदा थांबली. पिल्रे कोंबडीचं सूप घेऊन गेली, पातेलं खाली ठेवलं आणि दारातच उभं राहून म्हणाली, "माझ्या कापडानं झालं आसंल तुला. मी माफी मागाया आलीया."

चुनह्वानं झाकण उचलून वास घेतला. "बसा, ताई. तुम्ही चौथ्या. नर्सबाई आल्या, मालसुक आली, ठेकेदारानंसुद्धा फोन केला. सगळे म्हणाले, चुकलं."

"आन सागोंग?"

"ते नाही आले."

"फोन?"

"फोन पण नाही. कामावर कधी येतेस, एवढी चिठ्ठी आली."

पिल्रे बसलीच नव्हती. तिनं दारापाशी काढलेले बूट पायात घातले.

"ताई, सूप तरी वाढून जा."

"तूच वाढून घी," पिल्रे जिन्यावरून म्हणाली. "त्यो चारला घरी जातो."